नुसती चालणारी माणसं

वैशाख आला की लोक आंब्याबद्दल लिहितात, मोगऱ्याबद्दल लिहितात. आमच्या सोलापुरात आंबा बाहेरगावाहून येतो आणि मोगरा पाण्यावाचून करपतो, त्यामुळे माझ्यापाशी त्या दोन्हींबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. आमचा वैशाख म्हणजे तापलेली फरशी, बारा ते चार बंद असलेली दारं, कडुनिंबाखाली जीभ बाहेर काढून पडलेली कुत्री, आणि नळाला पाणी येणार की नाही याची सकाळपासून चालणारी चर्चा. काल सून म्हणाली, "आई, उद्यापासून पाणी एक दिवसाआड." मी बरं म्हटलं आणि पिंप भरायला उभी राहिले. रिकाम्या पिंपाच्या तळाशी धार पडली, तिचा आवाज झाला, आणि तीस सालचा वैशाख आठवला. दरवर्षी कशाने ना कशाने आठवतोच.

आठवतो म्हणजे रडू येतं असं नाही. तेव्हाही आलं नव्हतं. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात, मग ओठ आपला नसल्यासारखा होतो. बोटाने दाबला तरी कळत नाही, फक्त तिथे काहीतरी आहे एवढं समजतं. तो उन्हाळा माझ्यात तसा राहिला आहे. सगळं स्वच्छ दिसतं. दुखत मात्र नाही.

माझे यजमान शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, म्हणून गाव त्यांना मास्तर म्हणे. लग्नाआधी दोन वर्षं ते एका सिनेमा कंपनीत कॅमेरावाल्याच्या हाताखाली होते. तिथे पुठ्ठ्याच्या महालात देवादिकांची चित्रं व्हायची. त्याला कंटाळून ते सोलापूरला परत आले ते एक जुना, हाताने फिरवायचा कॅमेरा घेऊनच. "देवांची चित्रं काढणारे पुष्कळ आहेत," ते म्हणायचे, "गिरणी सुटल्यावर घरी जाणाऱ्या माणसांचं चित्र कोण काढतंय?"

त्यांनी पहिलं चित्र तेच काढलं. भोंगा झाला, फाटक उघडलं, आणि माणसं बाहेर पडू लागली. केसांत कापूस अडकलेली माणसं, हातात रिकामे डबे घेतलेल्या बायका. एवढंच. चाळीच्या अंगणात माझ्या रुखवतातली पांढरी चादर बांधून त्यांनी ते दाखवलं. लोक पुढे सरकून बघू लागले. मग कोणीतरी ओरडलं, "आरं, त्यो मी की!" आणि सगळं अंगण उठून उभं राहिलं. जो तो चादरीवर स्वतःला शोधत होता. एक म्हातारा पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी असा वाकून चालतुय व्हय? कुनी सांगितलं न्हाई मला."

तेव्हापासून लोकांना त्यांचं काम कळलं. ते कोणाला कॅमेऱ्यासमोर उभं करायचे नाहीत, "जरा इकडे बघा" म्हणायचे नाहीत. विणकरांच्या गल्लीत जाऊन त्यांनी मागाखाली हलणारे नुसते पाय टिपले. एका वैशाखात त्यांनी एका चाळीतली नळावरची रांग टिपली. पहाटेपासून लावलेल्या घागरी, एकच तोटी, तिला येणारी करंगळीएवढी धार आणि अडीचशे माणसं. ते चित्र त्यांनी नगरपालिकेच्या मेंबरांना बोलावून दाखवलं. मेंबरांनी ते दोनदा पाहिलं, घाम पुसला, आणि पावसाळ्याआधी त्या चाळीला दुसरा नळ आला. ह्यांना त्या नळाचा कोण अभिमान. पाहुणे आले की आधी तो नळ दाखवायला न्यायचे.

फीत धुण्याचं काम माझ्याकडे होतं. धुणं म्हणजे उलगडून सांगायला हवं. कॅमेऱ्यातून निघालेल्या फितीवर काहीच दिसत नाही. ती अंधारात औषधाच्या पाण्यात बुडवली की चित्र वर येतं. आमच्या नहाणीघराच्या खिडकीला काळं कापड आणि कंदिलाला लाल कागद लावून मी ते करायची. लाकडी चौकटीवर फीत गुंडाळायची, या पाण्यातून त्या पाण्यात न्यायची, मनात आकडे मोजायचे. चादरीवर दाखवायची सुलटी फीत नंतर तिच्यावरून छापायची, पण या पहिल्या फितीवर सगळं उलटं उमटतं. पांढरा सदरा काळा, काळे केस पांढरे. माणसं जळाल्यासारखी दिसतात. पहिल्यांदा मी घाबरले होते. पुढे सवय झाली. उलट्या चेहऱ्यांवरूनही मी माणूस ओळखू लागले.

त्या वैशाखात गांधींना पकडल्याची बातमी आली आणि गाव उठलं. रोज मिरवणुका, रोज सभा. लोक कुऱ्हाडी घेऊन गावाबाहेरची शिंदीची झाडं तोडायला निघाले. त्या झाडांच्या रसाची दारू नको, आणि दारूवर सरकारला मिळणारा करही नको, म्हणून. हे कॅमेरा घेऊन त्यांच्याबरोबर गेले. अकराच्या सुमारास घामाने भिजून घरी आले, भरलेल्या फितीचा डबा माझ्या हातात दिला, दुसरी फीत घातली आणि उभ्याउभ्या पाणी पिऊन पुन्हा निघाले.

"अहो, दोन घास खाऊन जा."

"आल्यावर," ते म्हणाले. "आजचं चित्र चांगलं आलंय, बघ तू."

दुपारी गोळ्यांचा आवाज आला. आम्हाला आधी वाटलं कुठे पत्रे पडताहेत. ते परत आले तेव्हा सदऱ्याची बाही फाटलेली होती आणि हातात कॅमेरा नव्हता. काठीच्या एका तडाख्यात त्याची पेटी फुटली होती. आतली नवी फीत उन्हात उलगडून पडली, म्हणाले, आणि लोकांच्या पायांखाली गेली. त्यांनी सांगितलं ते एवढंच. मी सकाळचा डबा घेऊन नहाणीघरात गेले आणि फीत धुतली. खरंच चांगली आली होती.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. चौकी पेटली, कचेरी पेटली, दोनतीन दिवस गावात कोणाचंच राज्य नव्हतं, आणि मग लष्कर आलं. मार्शल लॉ हा शब्द आम्ही तेव्हा शिकलो. पांढरी टोपी घालायची नाही, झेंडा लावायचा नाही, जमून उभं राहायचं नाही. दारं दुपारची बंद असायचीच, आता सकाळ-संध्याकाळही बंद झाली. माझ्या आठवणीत त्या दिवसांना आवाजच नाही. कावळेसुद्धा ओरडत असतील, पण मला ते ऐकू आल्याचं आठवत नाही. मी भाकरी करत होते, भांडी घासत होते, केस विंचरत होते. कोणीतरी दुसरीच बाई करत असावी आणि मी खिडकीतून बघत असावे, असं.

चौथ्या की पाचव्या दिवशी ह्यांना धरलं. चौकात एका म्हाताऱ्याची टोपी शिपायाने काठीच्या टोकाने उडवली. ह्यांनी ती उचलली, झटकली आणि परत त्याच्या डोक्यावर ठेवली. तेवढ्यावर वर्षाची शिक्षा झाली. मी लष्करी कचेरीच्या फाटकाशी उभी होते. दोरी लावून नेत होते. त्यांनी मला पाहिलं आणि लांबूनच म्हणाले, "रीळ सांभाळ."

घर सांभाळ नाही, स्वतःला सांभाळ नाही. मला राग आला नाही. माझ्या जागी ते असते तर मीही तेच म्हटलं असतं, असं वाटलं.

रीळ पत्र्याच्या डब्यात, डबा जोंधळ्याच्या कणगीत. मी दोन दिवस सांभाळलं. तिसऱ्या दिवशी शेजारीण भिंतीपलीकडून म्हणाली, "ऐकलंत का? पलीकडच्या गल्लीतल्या फोटोवाल्याच्या फोटो उमटलेल्या काचा नेल्या पोलिसांनी. त्यावरून चार जणांना ओळखून धरलं."

मी हातातलं पीठ तसंच परातीत ठेवलं आणि कणगीपाशी गेले. कणगीतल्या त्या डब्यात पन्नास-साठ माणसं होती. ह्यांनी त्यांना कॅमेऱ्याकडे बघा असं सांगितलं नव्हतं, पण ती बघत होती. स्वतःहून, हसत, कुऱ्हाडी उंचावून. त्यांना वाटलं असेल की पुढे कधीतरी चाळीच्या अंगणात चादर लागेल आणि आपण "त्यो मी की" म्हणू. ज्या फितीने एका चाळीला नळ आणला होता, तीच आता या सगळ्यांना घरातून ओढून नेऊ शकत होती. यात ह्यांची काही चूक नव्हती. फितीचीही नव्हती.

जाळायची सोय नव्हती. ती फीत अशी भडकते की घर पेटेल, आणि वास चार गल्ल्या जाईल. पण फितीवरचं चित्र हे तिच्यावर बसलेल्या सायीत असतं, आणि ती साय कढत पाण्याने सुटते हे मला माहीत होतं. मी बंब पेटवला. घरात होतं नव्हतं ते पाणी त्यात ओतलं, प्यायची घागरसुद्धा. घंगाळात कढत पाणी घेतलं, त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकला. आणि फीत कापून हातभर पट्ट्या केल्या.

एकेक पट्टी बुडवायच्या आधी मी खिडकीपाशी नेऊन उन्हात धरत होते. का, ते मला आजही सांगता येत नाही. काही ठेवता येईल का ते बघत होते बहुतेक. नुसती झाडं असतील, नुसते पाय असतील, तर ठेवावं. पण सगळीकडे चेहरे होते. झाडाभोवती जमलेले, कुऱ्हाड मारून दमलेले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले. मी बघायची, बुडवायची, अंगठ्याने चोळायची. काळपट साय सुटून पाण्यात तरंगायची आणि हातात उरायची ती स्वच्छ पट्टी, काचेसारखी. मोरीतून काळं पाणी जात होतं. माझी बोटं सोड्याने आधी चुरचुरली, मग मेली. भाजतंय की गार आहे, काही समजेना. त्याच वेळी मनाचंही तसंच काहीतरी झालं असावं.

एक चित्र लांब होतं, बऱ्याच पट्ट्यांवर पसरलेलं. एक तरुण सगळ्यांत उंच शिंदीवर चढत होता. बुंध्याला पाय लावून, कमरेला झेंडा खोचून, सावकाश. खालची माणसं वर माना करून बघत होती. अर्ध्यावर तो थांबला, मान वळवून थेट कॅमेऱ्याकडे बघितलं आणि काहीतरी बोलला. काय बोलला ते कळायला मार्ग नाही, आमच्या चित्रात आवाज नसायचा. बोलून स्वतःच हसला आणि पुन्हा चढू लागला. ह्यांनी इतकं चांगलं दुसरं काही टिपलं नव्हतं. चेहरा इतका स्पष्ट की लहान पोरानेही ओळखला असता. म्हणजे जायला हवं ते सगळ्यात आधी तेच. मी ते शेवटी बुडवलं. तेवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झडती आली. दोन शिपाई बाहेर, आत एक हवालदार. आपल्याच भागातला, पन्नाशीचा, मिशा पिकलेल्या.

"बाई, मास्तरांची फिलीम कुटं हाय?"

मी डबा आणून दिला. त्याने एक पट्टी काढली, दारात जाऊन उजेडात धरली. मग दुसरी. मग तिसरी. त्यातून त्याला समोरची गल्ली दिसत असणार.

"ह्यात तर काय बी न्हाई."

"उन्हाळा फार आहे," मी म्हटलं. "खराब झाली."

त्याने पट्टी डब्यात टाकली. आत आला, मोरीपाशी उभा राहिला. मी मोरी घासली होती, पण फटींमध्ये काळं राहिलं होतं. त्याने ते पाहिलं. मग माझ्या हातांकडे पाहिलं. मी हात पदराखाली घेतले नाहीत. घ्यायला हवेत हे सुचलंच नाही.

"पान्याची टंचाई हाय, बाई," तो अखेर म्हणाला. "एवढं पानी वापरू नगा." आणि डबा काखेत मारून निघून गेला. त्या दिवशी पिण्याचं पाणी मी शेजारणीकडून मागून आणलं.

शिक्षेत सूट मिळून पुढच्या वर्षी उन्हं तापायच्या आधी हे सुटून आले. खूप वाळले होते. अंघोळ केली, पाटावर बसले. मी वाढता वाढता सांगितलं. जेवण झाल्यावर सांगायचं ठरवलं होतं, पण मला राहवलं नाही.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"ते झाडावरचं?"

"तेही."

त्यांनी आमटीत भाकरी कुस्करली. "मीठ दे जरा," म्हणाले. पुढे त्या विषयावर कित्येक आठवडे आम्ही बोललो नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. शाबासकी दिली असती तरी चाललं असतं. पण आमच्या घरात दोन बधिर माणसं एकमेकांना मीठ आणि पाणी देत राहिली. रात्री झोपलेही नीट, सकाळी उठलेही वेळेवर.

पुढे पाचसात वर्षांनी त्यांनी पुन्हा कॅमेरा मिळवला आणि बरीच चित्रं काढली. दुष्काळाच्या कामावर खडी फोडणाऱ्या बायका, टाळेबंदीतली गिरणी, सूत रंगवणारे कामगार. त्यातली काही अजून आहेत. मध्यंतरी एक अभ्यासू मुलगी ती बघायला आली होती. तिने विचारलं, "आजी, यांच्या चित्रांत माणसं कायम पाठमोरी का असतात? हात दिसतात, पाय दिसतात, पाठी दिसतात. ही शैली त्यांनी कुठून घेतली?" मी म्हटलं, "असेल काहीतरी." तिला शैली हवी होती, तिला मोरी कुठे दाखवू?

पण मला सांगायचं आहे ते त्या पुढच्या वैशाखाचं. हे तुरुंगातून येऊन दोनेक महिने झाले असतील. भर दुपारी कडी वाजली. दारात एक बाई उभी होती. काळं लुगडं, डोक्यावर पदर, खांद्यावर घोंगडी, पाय धुळीने घोट्यापर्यंत पांढरे.

"हितं मशीनवालं मास्तर ऱ्हात्यात व्हय?"

"हो. आत या."

ती उंबऱ्याच्या आत आली आणि भिंतीला टेकून बसली. सांगोल्याकडची, नाव तानूबाई. मेंढरं राखणारं घर. पाणी नाही म्हणून थोरला मुलगा बिरू सोलापुरात गिरणीत लागला होता. गेल्या वर्षी त्या दुपारच्या गोळीबारात तो गेला. तिला निरोप पोचेपर्यंत इथलं सगळं उरकलेलं होतं. हे तिने पाणी पिता पिता सांगितलं, बाजारभाव सांगावा तशा आवाजात. मला तो आवाज ओळखीचा वाटला. घरी मी तसंच बोलत होते.

"त्येच्या खोलीवरची पोरं म्हनली," ती ह्यांना म्हणाली, "मास्तरांच्या मशीनीत त्या दिसाची समदी मान्सं हायती. चालती-बोलती."

"बोलत नाहीत," हे म्हणाले. "नुसती चालतात."

"चालू द्यात की. मला निस्तं चालतानाच बघायचं हाय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे पाहिलं. मी तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "तानूबाई, ती फीत आता नाही. मी धुऊन टाकली."

"धुतली म्हंजी?"

"तव्याची काजळी धुतो ना, तशी. आता तिच्यावर कोणीच नाही."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "का वं?"

"माणसांची तोंडं होती. पोलिसांनी ओळखून धरलं असतं."

"किती मान्सं व्हती?"

"पन्नास-साठ."

"त्यातलं कुनी घावलं का मग?"

"त्या फितीवरून कोणी नाही."

तानूबाईने हातातला तांब्या खाली ठेवला. "मंग बरं केलंसा," ती म्हणाली. त्यात ना राग होता ना समजूत. मग म्हणाली, "पर धुवायच्या आदी तुमी बघितलं आसंल की."

"बघितलं."

"मंग सांगा."

काय सांगणार? पन्नास उलटे चेहरे, काळे दात, पांढरे केस. बिरू कसा दिसायचा ते मी विचारलं. तिने सांगितलं, उंच, सावळा, खांद्यावर कायम घोंगडी. गर्दीत घोंगडी घेतलेला एक तरुण होता असं म्हणणं अगदी सोपं होतं. तो असा उभा होता, असा हसत होता, असं मी रचून सांगितलं असतं तर ती तेवढं घेऊन सांगोल्याला गेली असती. शब्द ओठांपर्यंत आले. पण आयुष्यभर ह्यांनी कधी एका माणसाला "इकडे बघा" म्हटलं नाही, आणि ते तिथे बसले होते. मला ते जमेना. म्हणून मला जो खरंच लख्ख आठवत होता त्याच्याबद्दल मी सांगितलं. झाडावर चढणारा, कमरेला झेंडा, अर्ध्यावर थांबून वळला, बोलला, हसला. सांगता सांगता मला आशा वाटू लागली, की हाच असेल.

तानूबाईने सगळं ऐकून घेतलं. मग मान हलवली.

"त्यो माजा बिरू न्हवं. त्येला उंचावर लई भ्या वाटायचं. शेरडांना पाला काढायला बाभळीवर मीच चढायची, ह्यो खाली हुबा ऱ्हाऊन आय पडशील, आय पडशील करायचा."

"तो खाली असेल," हे पहिल्यांदाच मध्ये बोलले. "गर्दीत, वर बघत."

"आसंल," ती म्हणाली. "खालीच आसंल."

मी भाकरी वाढली. तिने शेंगाची चटणी आणि कांदा घेऊन दोन भाकरी खाल्ल्या, ताट स्वतः घासून ठेवलं. निघताना उंबऱ्यात थांबली.

"झाडावर चढल्याला, त्याची बी आय आसंल की कुटंतरी. तिला सांगितलंसा का?"

मी नाही म्हटलं.

"मंग तिचं तिला द्या की. तुमच्यापाशी ठिवून काय करताय?"

ती गेली त्या बाजूला मी उन्हात बराच वेळ बघत होते. आत आले तर हे चप्पल शोधत होते. मग थांबले.

"मला माहीत आहे तो कोण," ते म्हणाले. "विणकरांच्या गल्लीत मी पायांचं चित्र घेतलं होतं ना, त्याच घरातला. नरसय्या. त्याची आई राजम्मा, मागाशेजारी सुताच्या कांड्या भरत बसते." आणि मग, "तू एकटीच जा. मी आलो तर घाबरतील. माझ्याबरोबर चारचौघांत दिसायला नको असतं आता कोणाला."

इतक्या आठवड्यांत त्यांनी माझ्याशी बोललेलं सगळ्यांत लांब वाक्य ते होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. त्या गल्लीत घराघरातून मागांचा खटखट आवाज येतो. वळणावर उभं राहिलं तर एकच मोठं यंत्र चालल्यासारखं वाटतं. राजम्माचं घर सापडायला वेळ लागला नाही. बुटकं घर, पुढच्या खोलीत माग, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला तरुण. उलट्या रंगातून पाहिलेला तो चेहरा आता सुलट्या रंगात समोर होता. त्याने मान वर केली नाही. राजम्मा जमिनीवर बसून चरख्यावर कांड्या भरत होती. साठीची, काटक, कपाळावर मोठं कुंकू.

मी कोण ते सांगितलं. मास्तरांची बायको म्हटल्याबरोबर चरखा थांबला.

"भिऊ नका," मी म्हटलं. "ती फीत राहिलेली नाही. कोणाला काही दाखवायचं नाही. पण मी ती पाहिली होती. त्या दिवशी तुमचा मुलगा..."

"लेदम्मा, लेदु," ती घाईने तेलुगूत म्हणाली. "नाही, अम्मा. त्या दिवशी आमचा पोरगा घरातच होता की. ताप होता त्याला. गल्लीत कोणाला पण विचारा. अंगावर वाकळ घालून झोपला होता."

मागाचा आवाज बंद पडला होता. नरसय्या मागाचा धोटा हातात धरून तसाच बसला होता, खाली बघत.

"मी गेलोच नव्हतो," तो म्हणाला. "दुसरं कोण तर असेल."

"असेल," मी म्हटलं. "माझी चूक झाली."

मी उठले. त्यांचं बरोबर होतं. वर्ष झालं तरी माणसं अजून धरत होते, आणि मी एक अनोळखी बाई सकाळी येऊन त्यांच्या घरात तो दिवस मांडत होते. देणं म्हणजे काय हे मला नीट समजलंच नव्हतं. त्यांना नको असलेली वस्तू मी परत घेऊन निघाले, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही. वाईट वाटायचं मी विसरून गेले होते.

गल्लीच्या वळणापर्यंत आले असेन. मागून अनवाणी पावलं आली. राजम्मा होती. तिने आधी मागे पाहिलं, मग दोन्ही बाजूंच्या दारांकडे पाहिलं, आणि माझं मनगट धरून मला भिंतीच्या सावलीत ओढलं. इतक्या जवळ उभी राहिली की तिच्या तोंडाला पानाचा वास येत होता.

"किती वर गेला होता?" तिने हळूच विचारलं.

"शेंड्यापर्यंत."

तिने पदर तोंडावर घेतला. डोळे तेवढे दिसत होते, आणि ते माझ्या डोक्यावरून, छपरांच्याही वरती कुठेतरी झाडाचा शेंडा शोधत होते.

"मग?"

"मग झेंडा बांधला. खालचे सगळे बघत होते. त्याच्याआधी अर्ध्यावर थांबून हसला होता."

"हसला?" ती म्हणाली. "घरात कधी हसत नाही." माझं मनगट तिने अजून सोडलं नव्हतं. बोटं चरख्यावर बसून कडक झालेली होती, आणि त्यांचा दाब मला लागत होता. चांगलाच दुखत होता. मी हात काढून घेतला नाही.

"आणि नीट उतरला ना खाली?"

उतरताना मी त्याला पाहिलं नव्हतं. तो शेंड्यावर असतानाच ती फीत संपली होती. गल्लीतून तिच्या घरातला माग पुन्हा सुरू झाल्याचा आवाज येत होता, आणि तोही तिला ऐकू येत होता. तरी ती माझ्याकडेच बघत होती.

"हो," मी म्हटलं. "अगदी नीट उतरला."